बाळंतपणाचा पगार कोणी द्यायचा?

माहीम ते पालघर स्टेशन हे अंतर सात-आठ किलोमीटरचं. पानवेलींच्या वाड्यांमधून निघालेल्या रिक्षा आणि एसटी सकाळच्या वेळी कामावर जाणाऱ्या बायकांनी भरलेल्या असतात. स्टेशनला उतरल्या की त्यांच्या वाटा फुटतात. कुणी बोईसरला जाऊन तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहते. कुणी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तारापूरच्या आवारात केंद्र सरकारची नोकरी करते. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कुणी लोकलने मुंबईचं ऑफिस गाठते; १६ एप्रिल २०१३ ला विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून हेही जमू लागलंय. आणि काही जणी माहीम सोडून कुठे जातच नाहीत. वाडीत रोजाने जायचं, दिवस भरला की मजुरी घ्यायची, एवढाच त्यांचा नोकरीचा करार.

आता समजा, यांच्यातल्या पाच जणींना एकाच महिन्यात दिवस गेले. पोटातलं ओझं सारखं, डोहाळे सारखे, डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांतीही सारखीच. पण घरात बसल्यावर हातात येणारे पैसे बघितले तर पाच जणी पाच वेगवेगळ्या देशांत राहतात की काय, असं वाटावं. एकीला १८० दिवस पूर्ण पगार. एकीला सहा महिन्यांची मजुरी मालकाऐवजी विमा महामंडळाकडून. एकीला कंपनीच्या तिजोरीतून पगार, पण तो नेमका किती ते सॅलरी स्लिपच्या रचनेवर ठरणार. एकीला ठेकेदार सांगतो, ‘बाळ झाल्यावर बघू.’ आणि वाडीतलीच्या खात्यात सरकारचे ५ हजार रुपये, तेही दोन हप्त्यांत.

एका तालुक्यात एवढा फरक का पडतो? नशिबाचा त्यात फारसा संबंध नाही. कायद्यानेच बायकांना वेगवेगळ्या खणांत टाकलंय आणि प्रत्येक खणात पैसे देणारा हात वेगळा आहे.

कायदा काय म्हणतो

आधी पाया बघू. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. सुरुवातीला त्यात १२ आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने, १ एप्रिलपासून, ती २६ आठवड्यांची झाली. त्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आधीची दोन मुलं हयात असतील तर मात्र रजा १२ आठवड्यांचीच. तीन महिन्यांपेक्षा लहान मूल दत्तक घेणारीला आणि सरोगसीतून मूल मिळवणाऱ्या आईलाही १२ आठवडे दिले गेले. गर्भपात झाला तर ६ आठवडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्यात विलीन झाला. रजेचे आठवडे मात्र तेच राहिले.

ही रजा मिळण्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. पैसे मोजायचे ते रजेच्या लगत आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावर. बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम आगाऊ द्यायची, उरलेली बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. मालकाने मोफत वैद्यकीय सेवा दिली नसेल तर वर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा. परत आल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजायला सुटी. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा. नव्या संहितेत हे पाळणाघर इतरांबरोबर सामायिक चालवण्याची सोय आहे. तारापूरसारख्या वसाहतीत कारखान्याला कारखाना लागून आहे, तिथे ही तरतूद खरोखर कामाची ठरू शकते.

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार धरून. हा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच मिटवला. तमिळनाडूतल्या एका मळ्यातल्या कामगार बाईला मालकाने रविवार वगळून पैसे दिले होते. न्यायालयाने सांगितलं, आठवडा म्हणजे सात दिवस. रोजंदारीवरच्या बाईसाठी ही छोटी गोष्ट नाही. २६ आठवड्यांत २६ दिवसांची मजुरी वाचते.

हा पाया सगळ्यांसाठी आहे असं वाटतं, पण तसं नाही. दुकान किंवा आस्थापना असेल तर तिथे किमान १० माणसं कामाला हवीत. पालघरच्या बाजारपेठेतलं कापडाचं दुकान, तीन मुली असलेलं झेरॉक्स सेंटर, डॉक्टरांचा छोटा दवाखाना हे सगळे या रेषेच्या बाहेर. तिथे काम करणारीला रजा मिळाली तर ती मालकाच्या चांगुलपणामुळे.

एकवीस हजारांची रेघ

कारखान्यातल्या बहुतेक बायकांच्या तोंडी ‘ईएसआय’ हा शब्द असतो. पगारातून दर महिन्याला थोडी रक्कम कापली जाते, एक नंबर मिळतो, आजारी पडलं की दवाखाना. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. मातृत्वाचा लाभही याच विम्यात बसतो, हे मात्र अनेकींना पोट दिसायला लागल्यावरच कळतं.

या विम्यासाठी पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१ हजार रुपये आहे. जुलै २०१९ पासून कामगाराकडून पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी घेतली जाते. १५ हजार पगार असलेल्या बाईच्या वाट्याला महिन्याला सुमारे ११३ रुपये येतात, मालकाच्या वाट्याला सुमारे ४८८. तिचं बाळंतपण आलं की महामंडळ तिला सरासरी रोजाच्या शंभर टक्के दराने २६ आठवड्यांचे पैसे देतं. म्हणजे ढोबळमानाने ९० हजार रुपये. मालकाच्या खिशातून त्या सहा महिन्यांचा पगार जात नाही. बदली बाई ठेवली तर तिचा पगार तेवढा द्यायचा.

अट एवढीच, की आधीच्या एक-दोन वर्गणी-काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. हे वर्गणी-काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ठरलेले आहेत आणि त्यांचा लाभ काही महिन्यांनी सुरू होतो. त्यामुळे नुकतीच कामाला लागलेली बाई पहिल्या काही महिन्यांत या लाभातून सुटते.

आता तिच्याच शेजारच्या टेबलावर क्वालिटी विभागात बसणारी दुसरी घेऊ. शिक्षण जास्त, पगार ३० हजार. ती २१ हजारांच्या रेषेच्या वर, म्हणून ईएसआयच्या बाहेर. तिच्या २६ आठवड्यांचा पगार सगळाच्या सगळा कंपनीने द्यायचा: सुमारे १ लाख ८० हजार रुपये. शिवाय तिच्या जागी तात्पुरता माणूस ठेवला तर त्याचा वेगळा. शे-दोनशे कर्मचाऱ्यांच्या औषध कंपनीला हे जाणवतही नाही. पंधरा जणांच्या इंजिनिअरिंग युनिटच्या मालकाला मात्र ते जाणवतं, आणि पुढच्या वेळी मुलाखतीला आलेल्या मुलीला तो विचारतो, ‘लग्न झालंय का? मग आता प्लॅनिंग काय?’

इथे विरोधाभास असा, की पगारवाढीने बाई रेषेच्या अलीकडून पलीकडे गेली की तिच्या बाळंतपणाचा भार विम्याकडून मालकाकडे सरकतो. कायद्याने तिचा हक्क बुडू नये याची काळजी घेतली आहे. ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेलेल्या बाईला मालकाने लाभ द्यायचा, असं स्पष्ट आहे. पण वीस हजार नऊशेची बाई आणि एकवीस हजार शंभरची बाई या दोघींकडे मालक एकाच नजरेने बघेल, अशी अपेक्षा धरणं अवघड आहे.

दुसरा फरक पडतो तो ‘पगार’ कशाला म्हणायचं यामुळे. जुन्या कायद्यात महागाई भत्ता, घरभाडे भत्ता असे रोख भत्ते धरून सरासरी काढायची होती. नव्या संहितेत मूळ पगार आणि महागाई भत्ता मुख्यतः पगारात धरले जातात. घरभाडे, प्रवासभत्ता वगैरे बाहेर राहतात. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम पुन्हा पगारात मिळवायची. म्हणजे दोन कंपन्यांत दोघींचा एकूण पगार ६० हजार असला, पण एकीचा मूळ पगार ४५ हजार आणि दुसरीचा २४ हजार असला, तर पहिलीचा हिशेब ४५ हजारांवर आणि दुसरीचा ३० हजारांवर होईल. सहा महिन्यांत फरक ९० हजारांचा. बऱ्याच कंपन्या रजेतही पूर्ण पगार देतात, पण तो त्यांच्या धोरणाचा भाग झाला. कायद्याने मागता येईल ती रक्कम सॅलरी स्लिपच्या पहिल्या ओळीवर अवलंबून असते.

काही कंपन्या कायद्याच्या पुढे जातात, हेही खरं. टाटा स्टीलने कामगार बायकांना मातृत्व लाभ १९२८ पासून दिला, तेव्हा देशात असा कायदाच नव्हता. झोमॅटोने २०१९ मध्ये आईइतकीच २६ आठवड्यांची पगारी रजा वडिलांनाही जाहीर केली. खासगी नोकरीतल्या वडिलांसाठी कायद्यात आजही एक दिवसाचीही तरतूद नाही.

सरकारी नोकरीचा दरवाजा

बोईसरच्या बाजूला अणुऊर्जेच्या वसाहतीतली केंद्र सरकारची कर्मचारी आणि माहीमच्या शाळेतली जिल्हा परिषदेची शिक्षिका या दोघींचा हिशेब सरळ आहे. दोघींना १८० दिवस पूर्ण पगारी प्रसूती रजा मिळते. केंद्रात ही रजा सप्टेंबर २००८ पासून १८० दिवसांची झाली, महाराष्ट्रात त्यानंतर वर्षभरात. कागदावर बघितलं तर खासगी कारखान्यातल्या बाईला त्यांच्यापेक्षा दोन दिवस जास्तच मिळतात.

खरा फरक पुढे सुरू होतो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, उरलेले ८० टक्क्यांवर. वडिलांना १५ दिवस. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा आणली. मुलाची दहावीची परीक्षा असो की आजारपण, सरकारी नोकरीतली आई ही रजा तुकड्यातुकड्याने वापरते. कारखान्यातल्या आईचं मूल सातव्या महिन्यात तापाने फणफणलं तर तिच्यापुढे बिनपगारी रजेशिवाय पर्याय नसतो.

सरकारी नियमांची एक कडक बाजूही आहे. दोन मुलं हयात असतील तर तिसऱ्यासाठी प्रसूती रजा नाही. इतरांसाठीचा कायदा तिथे निदान १२ आठवडे देतो. तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेला पहिल्या लग्नाची दोन मुलं होती, ती पहिल्या नवऱ्याकडे राहत होती. दुसऱ्या लग्नानंतर मूल होणार होतं तेव्हा तिला रजा नाकारण्यात आली. २३ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि मातृत्व रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्कांचा भाग असल्याचं सांगितलं.

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचं स्थान मधलं आहे. त्यांना वेतन नसतं, मानधन असतं. पण १८० दिवसांची मानधनी प्रसूती रजा आहे. आशा ताईंचं उत्पन्न मात्र मुख्यतः कामाच्या मोबदल्यावर. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद करणारी, तिला दवाखान्यात नेणारी आशा स्वतः बाळंत झाली की तिचं काम थांबतं, आणि कामाबरोबर मोबदलाही.

ठेकेदाराची बाई

तारापूर एमआयडीसीत एका गेटमधून आत जाणाऱ्या सगळ्या बायका एकाच मालकाच्या नसतात. काही कंपनीच्या रोलवर, बऱ्याच ठेकेदाराच्या. दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा घ्यायचं, ठेका बदलला की हजेरीचं पुस्तक नवं, अशी पद्धत सगळ्या औद्योगिक पट्ट्यात ओळखीची आहे. या ‘ब्रेक’मध्ये ८० दिवसांचा हिशेब अडकतो आणि बाळंतपणाचा हक्क हातातून निसटतो.

कायदा इथे बाईच्या बाजूने आहे, फक्त ते तिला कुणी सांगत नाही. ठेकेदाराच्या कामगाराचीही ईएसआयची वर्गणी भरण्याची अंतिम जबाबदारी मूळ कंपनीवर आहे. ती कंपनी नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकते. रोजंदारीवरच्या बाईला मातृत्व लाभ नाही, हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० ला मोडीत काढलं. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टर रोलवर रस्त्यांची कामं करणाऱ्या बायकांचा तो खटला होता. नियमित कर्मचाऱ्यांना मिळतं ते यांनाही मिळालं पाहिजे, असं न्यायालयाने ठरवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक दार उघडलं: करारावर काम करणाऱ्या एका डॉक्टरचा करार रजेच्या मधेच संपत होता, करार संपला तरी लाभ पूर्ण काळाचा द्यावा लागेल, असा निकाल आला. अकरा महिन्यांच्या करारावर राबणाऱ्या हजारो नर्स, तंत्रज्ञ, डेटा ऑपरेटर यांच्यासाठी हा निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे.

वाडी, भट्टी आणि बांधकाम

पाचवी बाई राहिली. माहीम-केळव्याच्या वाड्यांत पानं खुडणारी, भाजी काढणारी. तिच्यासारख्याच जव्हार-मोखाड्याकडून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बायका. भट्टीवर उचल घेतली जाते ती बहुधा नवरा-बायकोच्या जोडीची. बाई बसली तर विटा कमी पडतात आणि उचल फिटायला वेळ लागतो. म्हणून ती शेवटच्या आठवड्यांपर्यंत मातीत हात घालते आणि बाळ थोडं मोठं झालं की पुन्हा थापायला बसते.

तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे, १ जानेवारी २०१७ पासूनची. पहिल्या बाळंतपणाला ५ हजार रुपये: गर्भारपणाची नोंदणी आणि तपासणी झाली की ३ हजार, बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २ हजार. दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. दवाखान्यात बाळंतपण झालं तर जननी सुरक्षा योजनेतून महाराष्ट्रात ग्रामीण भागात ७०० रुपये. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसाला एक वेळचं गरम जेवण.

५ हजार रुपये १८२ दिवसांवर वाटले तर दिवसाला २७ रुपये होतात. बोईसरच्या पॅकिंगवालीला ईएसआयकडून त्याच दिवसांचे जवळपास ५०० मिळतात. शिवाय २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर बाईला किमान ६ हजार रुपये देण्याचं लिहिलंय, पहिलं-दुसरं असा भेद न करता. सध्या पहिल्या बाळंतपणाला ५ हजार आणि दुसऱ्याला मुलगी झाली तरच पैसे, हे त्या वाक्यापेक्षा कमीच आहे.

पालघर जिल्ह्यात आता आणखी एक खण मोठा होत चाललाय: बांधकाम कामगार बायकांचा. बुलेट ट्रेनचं काम, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झालेलं वाढवण बंदर यांच्यामुळे येत्या काळात हजारो मजूर इथे येतील, त्यांत बायकाही असतील. वर्षातून ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला देऊन राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद केली, तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी नैसर्गिक प्रसूतीला १५ हजार आणि शस्त्रक्रियेने झाली तर २० हजार रुपये मिळतात. कामगाराच्या पत्नीलाही. हे पैसे बांधकामांवरच्या उपकरातून येतात. म्हणजे इथेही एक सामायिक निधी आहे, एकट्या मुकादमावर ओझं नाही.

जुना वाद, अर्धवट उत्तर

हा वाद नवा नाही. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली तेव्हाच मातृत्वावर करार झाला. त्यात म्हटलं होतं, की लाभाचे पैसे सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून यावेत. भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी त्या परिषदेला गेले होते. परत आल्यावर १९२४ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात मातृत्व लाभाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं.

मुंबई प्रांताने मात्र १९२९ मध्ये देशातला पहिला मातृत्व लाभ कायदा केला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचा मुद्दा असा होता, की आईची विश्रांती ही देशाच्या हिताची गोष्ट आहे, त्यामुळे भाराचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा; पण बाईच्या कामातून ज्याला फायदा होतो त्या मालकालाही यातून सुटता येणार नाही. जवळपास शंभर वर्षं झाली तरी नेमकी हीच वाटणी आपण धडपणे केलेली नाही. १९४८ चा ईएसआय कायदा त्या दिशेने गेला. १९६१ चा कायदा उलट दिशेने गेला आणि त्याने भार मालकाच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवला. २०१७ मध्ये आठवडे दुपटीहून जास्त झाले, ओझं मात्र तिथेच राहिलं.

त्याचे परिणाम लगेच दिसू लागले. जून २०१८ मध्ये टीमलीज या मनुष्यबळ कंपनीने दहा क्षेत्रांच्या पाहणीनंतर अंदाज काढला, की या दुरुस्तीमुळे त्या आर्थिक वर्षात ११ ते १८ लाख बायकांच्या नोकऱ्यांवर गदा येऊ शकते. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने, १५ हजारांहून जास्त पगाराच्या बायकांच्या रजेतल्या सात आठवड्यांचे पैसे मालकाला परत करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. तो प्रत्यक्षात उतरला नाही.

बाहेर काय चालतं? ब्रिटनमध्ये ३९ आठवडे कायदेशीर मातृत्व वेतन आहे: पहिले सहा आठवडे पगाराच्या ९० टक्के, पुढे ठरावीक कमी रक्कम. पैसे देतो मालक, पण त्यांतले ९२ टक्के तो सरकारकडून परत घेतो, छोट्या मालकाला तर दिलेल्यापेक्षा थोडं जास्तच परत मिळतं. म्हणजे तिथे पंधरा माणसांच्या कंपनीला मुलाखतीत ‘प्लॅनिंग काय’ विचारण्याचं पैशाचं कारण उरत नाही. अमेरिकेत उलट परिस्थिती. १९९३ च्या कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत १२ आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी. मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सी राज्यात मात्र पगारातून कापलेल्या वर्गणीवर चालणारा राज्याचा विमा आहे, त्यामुळे तिथल्या आईला काही आठवडे तरी पैसे मिळतात.

या सगळ्यातून एक निष्कर्ष स्पष्ट निघतो. जिथे पैसा सामायिक निधीतून येतो, तिथे बाईला नोकरी देताना मालक कचरत नाही आणि ठेकेदाराच्या बाईलाही हक्क मागता येतो. जिथे पैसा एकट्या मालकाकडून येतो, तिथे मोठी कंपनी कायदा पाळते आणि छोटी पळवाट शोधते. एकवीस हजारांची रेघ उठवून सगळ्या नोकरदार आयांचा लाभ वर्गणीच्या निधीतून देणं, आणि असंघटित बायकांसाठी सरकारी रक्कम निदान अन्न सुरक्षा कायद्यात लिहिल्याइतकी करणं, या दोन गोष्टी त्यामुळे आधी व्हायला हव्यात.

कागद आधी, डोहाळे नंतर

तोवर जे आहे ते पूर्ण मिळवायचं, तर तयारी आधीच करावी लागते. कामाला लागतानाच मातृत्वाच्या लाभांची माहिती लेखी द्यायची, अशी २०१७ पासून कायद्याची सक्ती आहे. ती मागून घ्यावी. पगारातून ईएसआय कापला जातो पण नंबर दिलेला नाही, अशी स्थिती असेल तर तो लगेच मागावा आणि वर्गणी खरोखर भरली जाते का हे महामंडळाच्या संकेतस्थळावर किंवा शाखेत तपासावं. हजेरीचे आणि पगाराचे पुरावे, मग ते बँकेतल्या नोंदी असोत की गेटपासचे फोटो, जपून ठेवावेत, कारण ८० दिवसांचा वाद त्यांच्यावरच सुटतो. रजेची नोटीस लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. आधी नोटीस द्यायची राहिली तर बाळंतपणानंतरही देता येते. त्यामुळे हक्क जात नाही. मालकाने नकार दिला तर कारखान्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि इतरांसाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय इथे तक्रार करता येते.

आणि जिची नोकरीच नाही, तिने अंगणवाडीत किंवा आशा ताईकडे गर्भारपणाची नोंद लवकरात लवकर करावी. मातृ वंदनेचा ३ हजारांचा पहिला हप्ता त्या नोंदणीनंतरच खात्यात येतो.